पालकाची सही

२०२५ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची नात महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीत गेली होती. एका सकाळी मावशींनी कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि मला विचारले, 'काका, पोरीला यंदा हिंदी आहे का नाही? बाई म्हणतात, अजून ठरलं नाही. टीव्हीवाले म्हणतात, ठरलं. शेजारीण म्हणते, रद्द झालं.'

मी हातातले वर्तमानपत्र उलटेपालटे केले. खरे सांगायचे तर मलाही धड उत्तर देता येईना. माझी अडचण ओळखून त्या हसल्या आणि सहज बोलून गेल्या, 'नाव घालताना माझ्या लेकीच्या सतरा ठिकाणी सह्या घेतल्या बघा. पण हे काही कुणी विचारलं नाही.'

चौतीस वर्षे बँकेत सह्या घेण्यात आणि सह्या पडताळण्यात घालवलेल्या माणसाला हे वाक्य लागले. सही घेतली, पण विचारले नाही! बँकेत असे झाले असते तर आम्ही त्या व्यवहाराला व्यवहारच म्हटले नसते. सरकारी शाळेत आपल्या मुलाला काय शिकवले जावे, यात आईबापांचा हक्क किती, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे. तो दिसतो तितका सोपा नाही. 'मूल आमचे, आम्ही ठरवू' म्हणणाऱ्यांचे सगळे खरे नाही आणि 'शाळा आमची, आम्ही ठरवू' म्हणणाऱ्या सरकारचेही नाही.

दोन आदेश आणि एक माघार

काय घडले ते आधी तारखांनिशी पाहू. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासननिर्णय काढला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी म्हणून मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य होणार होती. तोवर मराठी शाळेतल्या मुलाची हिंदीशी गाठ पाचवीत पडत असे. ओरड झाली. राज्य सरकारच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध नोंदवला. आठवडाभरात शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती देत असल्याचे जाहीर केले. १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' गेले आणि 'सर्वसाधारणपणे' आले. हिंदीऐवजी दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवायला हवी. तितके भरले तर शिक्षक मिळेल, नाही भरले तर ती भाषा ऑनलाइन शिकावी. अखेर २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, सरकारने दोन्ही निर्णय रद्द केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ५ जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले आणि पहिलीच्या वर्गाचा विषय महाराष्ट्राच्या राजकारणाचा विषय होऊन गेला.

या अडीच महिन्यांत मंत्री बोलले, साहित्यिक बोलले, शिक्षणतज्ज्ञ बोलले, पक्ष तर बोललेच बोलले. त्यांत मला पटणारे पुष्कळ होते. सहा वर्षांच्या मुलावर एकदम तीन भाषांचा बोजा नको, असे माझेही मत आहे. परंतु ज्यांची मुले त्या बाकांवर बसणार होती त्या आईबापांचा कौल कुठल्याही टप्प्यावर रीतसर घेतला गेल्याचे ऐकिवात नाही. आदेश आला तोही त्यांना न विचारता आणि गेला तोही त्यांना न विचारता. गंमत अशी की मूळ राष्ट्रीय धोरण या बाबतीत बरेच नेमस्त आहे. कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही. तीन भाषा कोणत्या हे राज्य, तो प्रदेश आणि अर्थातच स्वतः विद्यार्थी ठरवतील, मात्र त्यांतल्या दोन भारतीय हव्यात, असा त्याचा आशय आहे. आता सहा वर्षांचे मूल भाषा कशी निवडणार? त्याला फार तर डब्यात काय हवे ते सांगता येईल. म्हणजे निवड त्याच्या वतीने कुणीतरी करायची. तो 'कुणीतरी' कोण, हाच आपला प्रश्न.

'अपाक'चा शेरा

ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे त्यांना सातबाऱ्यावरचा 'अपाक' हा शेरा ठाऊक असेल. जमीन अज्ञान मुलाच्या नावे असते आणि त्याच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या पालनकर्त्याचे नाव त्या शेऱ्यासह लागते. मूल अठरा वर्षांचे झाले की वयाचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचे आणि 'अपाक' शेरा कमी करून घ्यायचा. बँकेतही तेच. अज्ञान खातेदाराच्या खात्यावर बाप सही करतो, आई सही करते. पैसा मात्र मुलाचा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा आहे. त्यानुसार अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून बापालाही विकता येत नाही. पालक राखणदार आहे, मालक नाही.

ग्रामीण शाखेत असताना एक शेतकरी माझ्याकडे आला होता. मुलाच्या नावावरची ठेव मुदतीआधी मोडून त्याला मोटारसायकल घ्यायची होती. मी म्हटले, 'पैसे मुलाचे आहेत, त्याच्या कामासाठीच काढता येतील.' तो भडकला. 'साहेब, पोरगं माझं, पैसा मी टाकला, आणि तुम्ही कोण?' त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. पण प्रश्न 'पोरगं कुणाचं' हा नव्हताच. मुलाचे हित कशात, हा होता. आणि तो विचारण्याचा अधिकार त्या घडीला बँकेच्या खुर्चीला होता, मला नव्हता. माझी मर्जी तिथे चालली असती तर मीही मालकच झालो असतो.

पालक म्हणजे नेमके कोण, हेही आपल्याकडे फार उशिरा ठरले. मुलाच्या नावे रोखे घ्यायचे होते, तेव्हा आईची पालक म्हणून सही रिझर्व्ह बँकेला चालेना. त्या आईने, कादंबरीकार गीता हरिहरन यांनी, सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि १९९९ साली आईचाही नैसर्गिक पालकत्वाचा हक्क मान्य झाला. तोवर बाप हयात असताना आईच्या सहीला किंमत कमी होती. सांगायचा मुद्दा, पालकाचा हक्क हा काही आकाशातून पडलेला नाही. तो मुलासाठी आहे, म्हणून आहे.

सगळे पालकांवर सोडले असते तर

'मुलाला काय शिकवायचे ते आम्हीच ठरवणार' हे वाक्य कानाला गोड लागते. पण आपल्या राज्याचा शिक्षणाचा इतिहास या वाक्याच्या विरोधात उभा आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होता. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. तिथेही दंड होताच. नामदार गोखल्यांनी १९११ साली अशाच सक्तीचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. सक्तीच्या शिक्षणाची सुरुवातच मुळी पालकाच्या इच्छेला मुरड घालून झाली आहे.

माझी आजी कोल्हापूर संस्थानातल्या एका खेड्यातली. तिच्या थोरल्या भावाला शाळेत घातले ते दंडाच्या धाकाने, असे ती सांगे. तिला नाही घातले. भाऊ संध्याकाळी पाटीवर अक्षरे गिरवी तेव्हा ही शेजारी बसून राखेत बोटाने तीच अक्षरे काढी. पुढे ती पोथी वाचायची, जावईबापूंची पत्रे वाचायची, शेवटी शेवटी तर माझी पहिली कथाही तिने भिंग लावून वाचली. तिच्या वडिलांचे तिच्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? होतेच. पण मुलीला अक्षर नको, हे त्यांना मुलीचे हितच वाटत होते.

मुलींनी शिकावे हे मान्य झाल्यावर काय शिकावे, यावर वाद झाला. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या 'मराठा' पत्राने कडक टीका केली होती. इंग्रजी आणि गणित मुलींना कशाला, संसाराला लागेल ते शिकवा, असा सूर समाजात सर्वत्र होता. तो सूर पालकांचाच होता. सगळे पालकांवर सोडले असते तर आज या पुरवणीचे निम्मे वाचक कमी असते.

कोर्टाची पायरी

मग पालकाला काहीच हक्क नाही काय? आहे, आणि राज्यघटनेने तो नेमक्या जागी दिला आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल तर अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून त्यात बसवता येत नाही. घटनेत पालकाच्या संमतीचा इतका स्पष्ट उल्लेख विचारपूर्वकच आलेला आहे. जिथे श्रद्धेचा प्रश्न आहे तिथे घराचा उंबरठा सरकारने ओलांडू नये.

या तत्त्वाची कसोटी केरळात लागली. १९८५ साली यहोवा विटनेसेस या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले. कारण काय, तर राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण गात नसत. गाणे आपल्या धर्मश्रद्धेत बसत नाही, ही त्या घरची शिकवण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ साली न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला की मुलांना परत शाळेत घ्या. उभे राहून आदर दाखवला, तेवढे पुरे, गायची सक्ती करता येणार नाही. मुलांनी राष्ट्रगीत रद्द करा असे म्हटले नव्हते, दुसऱ्या कुणी गाऊ नये असेही म्हटले नव्हते. त्यांना फक्त स्वतःपुरते गप्प राहायचे होते. 'मला यातून वगळा' आणि 'हे सगळ्यांसाठीच बंद करा' या दोन मागण्यांतला फरक या निकालाने स्वच्छ दाखवला, असे मला वाटते.

भाषेच्या बाबतीत मात्र कोर्टाने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि दोन्ही आपल्या उपयोगाच्या आहेत. महाराष्ट्रातल्या गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या काही शाळांना मराठीची सक्ती नको होती. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राची बाजू उचलून धरली. ज्या राज्यात राहायचे त्या राज्याची भाषा शिकण्यास विरोध केला तर माणूस तिथल्या जीवनप्रवाहापासून तुटतो, असा त्या निकालाचा आशय. पुढे २०१४ साली कर्नाटकच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम मातृभाषाच हवे अशी सक्ती सरकारला खाजगी शाळांवर करता येणार नाही. आणि मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे पालक सांगतील, सरकार नव्हे.

इथे आपण मराठी माणसांनी आरशात पाहायला हवे. २०२० साली आपल्या विधिमंडळाने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या वेळी मुंबईतल्या अमराठी पालकाला विचारले होते काय? नव्हते. मग हिंदीच्या वेळी पालकांचा हक्क आठवायचा आणि मराठीच्या वेळी विसरायचा, हे कसे चालेल? माझ्यापुरते उत्तर असे, की सक्ती करायची तर तिचे कारण मुलाच्या रोजच्या जगण्यात दाखवता आले पाहिजे. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला मराठी का, याचे कारण त्याच्या दारातच उभे आहे. बसच्या पाटीपासून तलाठ्याच्या कागदापर्यंत. मराठी मुलाला पहिलीतच हिंदी का, याचे तसे कारण कुणी समजावून सांगितले नाही. कारण सांगता आले असते तर कदाचित पालकांनी ऐकलेही असते. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हाही विद्वानांत वाद झाला. पण पालकांना कारण समजत होते, म्हणून ते टिकले.

शेजारच्या गोव्यात तर पालकच दोन बाजूंना उभे राहिले. १९९०च्या सुमारास तिथल्या सरकारने कोकणी-मराठीसारख्या भारतीय भाषांतून चालणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचे ठरवले. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असे एक बाजू म्हणत होती. सरकारी पैशाने आपल्याच भाषा मारू नका, असे दुसरी बाजू म्हणत होती. दोन्हीकडच्या सभांत आईबापच बसलेले. 'पालकांना काय हवे' हा प्रश्न एकवचनी नसतो, एवढे गोव्याकडून शिकावे.

सातासमुद्रापलीकडचा जून

योगायोग पाहा. आपल्याकडे सरकारने माघार घेतली त्याच्या दोनच दिवस आधी, २७ जून २०२५ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर मोठा निकाल दिला. मेरिलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीच्या सरकारी शाळांनी लहान मुलांसाठी काही गोष्टींची पुस्तके आणली. त्यांत समलिंगी आणि पारलिंगी माणसे होती. आपल्या मुलांना त्या तासातून सूट द्या, अशी मागणी काही मुसलमान आणि ख्रिस्ती पालकांनी केली. शाळांनी आधी सूट दिली, २०२३ साली काढून घेतली. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने कौल दिला. खटला चालू असेपर्यंत शाळेने अशा धड्याची आगाऊ सूचना द्यावी आणि मुलाला बाहेर बसू द्यावे. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात इशारा दिला की सार्वजनिक शाळा ही भिन्न घरांतली मुले एकमेकांना भेटण्याची जागा आहे. प्रत्येक घराने आपल्याला न पटणारे वगळायचे ठरवले तर शाळा चालवणेच अशक्य होईल.

तिकडे या हक्काची सुरुवातही भाषेवरूनच झाली, हे इथे सांगण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांविषयी इतका राग होता की नेब्रास्का राज्याने १९१९ साली, आठवी पार होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायचीच नाही, असा कायदा केला. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवले म्हणून एका शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. म्हणजे पालकाचा हक्क तिथे जन्मला तो मुलाला अधिक काही शिकता यावे म्हणून. शंभर वर्षांनी तोच हक्क मुलाने काही कमी ऐकावे म्हणून वापरला गेला. दोहोंतले अंतर लहान नाही.

मला विचाराल तर मेरिलँडच्या निकालातला आगाऊ सूचनेचा भाग आपण डोळे मिटून घ्यावा. बाहेर बसवण्याचा भाग मात्र दहादा विचार करून घ्यावा. आपल्याकडे कुणाला फुले नको असतील, कुणाला आंबेडकर, कुणाला डार्विन. डार्विनचे तर पालकांनी सांगायच्या आधीच झाले. 'एनसीईआरटी'च्या दहावीच्या विज्ञानातून २०२२च्या काटछाटीत उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. तेव्हाही पालकांना कुणी विचारले नव्हते.

वगळलेला धडा

पालकांच्या, किंवा पालकांच्या नावाने बोलणाऱ्यांच्या, आग्रहाने एखादा धडा वगळला तर काय होते, याचे उदाहरण घरचेच आहे. २००७ साली शाळांत किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम येणार होता. वयात येणे, शरीरातले बदल, एचआयव्हीपासून बचाव, असे त्याचे विषय. विधिमंडळात गदारोळ झाला. संस्कृती बुडाली, अशी भाषणे झाली. पुस्तिकांतली काही चित्रे खरोखरच ढोबळ होती, असे म्हणणाऱ्या शिक्षिकाही मला भेटल्या आहेत. चित्रे बदलता आली असती. राज्याने कार्यक्रमच थांबवला. आणखीही काही राज्यांनी तेच केले.

त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासातली होती. हा आकडा वाचून मी त्या रात्री जेवलो नव्हतो. काका, मामा, शेजारी, शिकवणीचे मास्तर. ज्या मुलाचा छळ घरातच चालला आहे त्याला शाळेतला तो एक तास हीच काय ती खिडकी असते. ती बंद करण्याचा हक्क पालकाला द्यायचा म्हणजे काही वेळा चोराच्याच हाती किल्ली द्यायची.

पुढे २०१२ साली लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा आला. २०२४ साली बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाले तेव्हा हजारो माणसे रेल्वे रुळांवर उतरली. त्यानंतर माझ्या नातीच्या शाळेतल्या पालकसभेला मी गेलो होतो. एकेक आई उभी राहून विचारत होती, 'मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श कधी शिकवणार? कोण शिकवणार?' १७ वर्षांपूर्वी जो धडा 'संस्कृतीविरुद्ध' होता तो आता आया हक्काने मागत होत्या. पालक बदलतात. फक्त त्यांना बोलायला जागा पाहिजे, आणि हातात माहिती पाहिजे.

हक्क कुणाला परवडतो?

आता मावशींकडे येतो. माझ्या नातीच्या शाळेत काही बिनसले तर माझी सून व्हॉट्सॲपवर लिहिते, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका फोन करतात. त्याहून बिनसले तर शाळा बदलता येते. पैसेवाल्या पालकाचा हक्क हा असा पायांत असतो. तो उठून चालू लागतो. मावशींच्या लेकीचे तसे नाही. तिला सकाळी सातला घर सोडावे लागते. महापालिकेची शाळा नको म्हटली तर पुढे काय, याला उत्तर नाही. म्हणून सरकारी शाळेत काय शिकवायचे हा वाद प्रत्यक्षात ज्यांच्या मुलांबद्दल असतो, त्या वादात ती माणसेच नसतात.

वीस मुलांची अट आठवा. कागदावर ती निवड होती. पण वस्तीवरच्या ज्या जिल्हा परिषद शाळेत सगळे मिळून पंधरा-वीस विद्यार्थी, तिथे एका इयत्तेत वीस मुले आणायची कुठून? आणि सहा वर्षांच्या मुलाने तिसरी भाषा ऑनलाइन शिकायची, तर फोन कुणाचा? बापाचा फोन बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला! ज्याला मोठी शाळा परवडते त्यालाच निवड परवडावी, अशीच ती रचना होती.

कायद्याने या माणसांना खुर्ची दिलेली आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. देशातल्या कुठल्या बँकेच्या संचालक मंडळावर खातेदारांना एवढी जागा आहे? पण समितीचे काम काय? शाळेचा विकास आराखडा, अनुदानाचा हिशेब, कामकाजावर देखरेख. शिकवायचे काय, हे वरचे शैक्षणिक प्राधिकरण ठरवते. म्हणजे आईला खिचडीत किडा सापडला तर बोलता येते, पुस्तकात सापडला तर नाही. आणि खिचडीबद्दलही किती ठिकाणी विचारतात? पुष्कळ गावांत रजिस्टर घरी येते, सरपंचाच्या शेजारच्या रकान्यात आई सही करते किंवा अंगठा उठवते आणि बैठक 'झाली' म्हणून नोंद होते. कागदोपत्री झालेल्या अशा बैठका मी सहकारी संस्थांच्या कर्जप्रकरणांत ढिगाने पाहिल्या आहेत. सह्या सगळ्या असतात, माणूस एकही नसतो.

अभ्यासक्रम गावोगावच्या समित्यांनी लिहावा, असे मी म्हणणार नाही. ते जाणकारांचेच काम आहे, आणि त्यामागे माझी पाटीवाचून वाढलेली आजी उभी आहे. पण तीन गोष्टी उद्यापासून करता येतील. एक, बदल करायचा तर त्याचा मसुदा सोप्या मराठीत शाळेच्या फळ्यावर लागावा, आणि शाळा सुरू व्हायच्या निदान सहा महिने आधी लागावा. दोन, समितीची बैठक आईबापांच्या कामाच्या वेळा पाहून घ्यावी, तिथे मसुदा वाचून दाखवावा आणि त्यांचे म्हणणे लिहून वर पाठवावे. वरून जे मान्य होणार नाही त्याचे कारण लेखी खाली यावे. तीन, श्रद्धेच्या बाबतीत मुलाला स्वतःपुरते गप्प बसण्याची सूट असावी. शरीराची सुरक्षितता, विज्ञान आणि समतेचे धडे यांत ती नसावी.

चौथी गोष्ट सरकारच्या हातची नाही, आपल्या हातची आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. पैशाच्या बाबतीत आपण दहा वर्षांच्या मुलावर इतका विश्वास टाकतो. मग आठवीतल्या मुलीला, 'तुला काय शिकावेसे वाटते', असे आपल्यापैकी किती जण विचारतात? 'अपाक' शेरा अठराव्या वर्षी एका दिवसात कमी होतो, पण तो पेलण्याची तयारी एका दिवसात होत नाही.

परवा मावशी लेकीला घेऊनच आल्या. शाळेतून कसलेसे संमतिपत्र आले होते, त्यावर आईची सही हवी होती. लेक सातवी शिकलेली आहे. मी पेन पुढे केले. तिने ते घेतले नाही. कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि वाचू लागली. एका ओळीवर थांबली, पुन्हा वाचली आणि म्हणाली, 'काका, यातलं मला एक समजलं नाही. उद्या शाळेत जाऊन आधी विचारते. मग करते सही.'

कागद घडी घालून तिने पर्समध्ये ठेवला. मी पेनाचे टोपण लावले.